काळी गाडी, क्ले बार आणि बोनेटवरचं कोळ्याचं जाळं

गंगापूररोडवाला | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जुने धागे उकरून पाहिले, क्लेबद्दल, म्हणजे गाडीच्या रंगावरची खरखर काढायच्या त्या चिकट वडीबद्दल, दोन ओळींपलीकडे काही सापडलं नाही म्हणून नवा काढतोय.

गाडी काळी सेडान, चार वर्षांची. पहिली तीन वर्षं सोसायटीच्या झाकलेल्या पार्किंगात गेली. गेल्या वर्षी नोकरी बदलली, तेव्हापासून दिवसाचे नऊ तास अंबड एमआयडीसीत उघड्यावर उभी असते. कंपाउंडपलीकडे फॅब्रिकेशनचं शेड आहे, तिथे दिवसभर ग्राइंडर चालू. दिवाळीत गाडी स्वच्छ धुतली, पुसली आणि बोनेटवर हात फिरवला तर पॉलिश पेपर! दिसायला काहीच नाही, हाताला मात्र खरखर.

म्हणून एका वॉशिंग सेंटरला नेली. "क्ले मारू साहेब, काचेसारखी होईल." दुपारी दीडची वेळ, बोनेटवर पापड भाजला असता. पोराने पिवळा गोळा घेतला, बादलीतलं पाणी शिंपडलं आणि भांडी घासतात तसा गोल गोल सुरू झाला. मध्ये एकदा गोळा खाली फरशीवर पडला, त्याने तो पँटला पुसला आणि पुढे चालू. मी समोर चहा पीत बसलो होतो. तेव्हा काही कळत नव्हतं हो. बोनेट आणि टप झाला आणि मला घरून फोन आला, म्हणून बाकीचं राहिलं.

हाताला खरंच काच लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गाडी लावली, कोवळं ऊन बोनेटवर आलं, आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती हे एवढं कोळ्याचं जाळं. दोन दिवस गाडीकडे बघितलं नाही.

आता दोन प्रश्न. हे जाळं जाईल का? आणि उरलेले चार दरवाजे, फेंडर, डिकी यांना क्ले करू की नको? खरखर तिथेही आहेच. पाच-सातशे रुपयांची एक क्ले ऑनलाइन मागवून ठेवली आहे, पण हात धजत नाही.

शंकासुर | सोमवार, रात्री १०:०५

क्ले म्हणजे माती ना? मग गणपतीच्या शाडूने गाडी घासली तर ओरखडे पडणारच की!

मिसळ_पाव_किलो | सोमवार, रात्री १०:११

वाचतोय. माझीही काळीच आहे. घेताना बायको म्हणाली होती पांढरी घे.

काका_सातपूर | सोमवार, रात्री ११:३०

शंकासुर, नाव तेवढं मातीचं. वस्तू म्हणजे कृत्रिम चिकट रेझिन, त्यात अतिशय बारीक घासणारी पूड मळलेली. मूळ जपानचं. बॉडी शॉपात शेजारच्या गाडीवर उडालेला रंगाचा फवारा काढायला वापरायचे. नव्वदच्या दशकात जगभर पसरलं. आमच्याकडे डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये हे बरंच उशिरा आलं, तोवर आम्ही सगळ्यालाच रबिंग कंपाउंड लावायचो. किती गाड्यांचं लॅकर खाल्लं असेल, देव जाणे.

गंगापूररोडवाला, तुमच्या पोराने एक सोडून सगळ्या चुका केल्या. न केलेली एक म्हणजे कोरडी घासली नाही.

क्ले काय करते ते आधी बघा. रंगात रुतलेल्या कणाचं जे टोक वर आलेलं असतं ते ती ओढून नाहीतर कापून घेते आणि स्वतःत अडकवते. म्हणजे पाच मिनिटांनी तुमच्या हातात नुसती क्ले नसते, लोखंडाची कणी भरलेला गोळा असतो. तो तसाच पुढे फिरवला की त्याच कणीने ओरखडा. म्हणून दर एक-दोन फुटांच्या तुकड्यानंतर उलटून बघायची. काळपट दिसली की घडी घालून पुरणाच्या गोळ्यासारखी मळायची, नवी बाजू वर आणायची. खाली पडली तर ती गाडीपुरती मेली. धुऊन, पुसून, चाळून काही होत नाही. म्हणून वडी आख्खी वापरायचीच नाही, तीन-चार तुकडे करायचे. पडला तर एकच तुकडा जातो.

गोल का नाही? सरळ रेषेत पडलेला बारीक ओरखडा एका बाजूने ऊन आलं तरच चमकतो. गोल ओरखड्याचा कुठला ना कुठला भाग कायम उन्हासमोर येतो. तुम्हाला दिसतंय ते जाळं त्याचंच. रंग तितकाच खराब झालेला पांढऱ्या गाडीवर दिसलाही नसता. काळ्यावर सगळं उठून दिसतं.

आणि तापलेलं बोनेट. पाणी टाकताक्षणी उडून जातं, खाली ओल राहत नाही, क्ले चिकटते आणि रंगावर पिवळा थर सोडते. नुसतं पाणी तसंही पुरेसं निसरडं नसतंच.

आता तुमचे प्रश्न. जाळं बहुतेक जाईल, मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, ड्युअल अॅक्शन मशीनवर, म्हणजे ज्याचं पॅड फिरता फिरता हेलकावेही घेतं. नुसतं गोल फिरणारं रोटरी नको, त्याने नवीन गोल खुणा पडतात. पण लक्षात ठेवा, वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण चाळीस मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस सत्तरच्या आसपास. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खातं आणि खाल्लेलं परत येत नाही. त्यामुळे आधी उरलेल्या गाडीचं ठरवा, पॉलिश सगळ्यात शेवटी एकदाच.

उरलेल्या गाडीला लगेच क्ले नको. कारण उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

अंबडकर७७ | मंगळवार, सकाळी ८:१५

काकांचा मान ठेवून सांगतो, एवढं घाबरवू नका लोकांना. मी क्ले मिट वापरतो, तो रबरी पातळ थराचा हातमोजा असतो ना, तो. दर महिन्याला गाडी धुताना फिरवतो. वीस मिनिटांत आख्खी गाडी. मोजा खाली पडला तर नळाखाली धुतला की झालं. तीन वर्षं करतोय, काही झालं नाही.

मिसळ_पाव_किलो | मंगळवार, सकाळी ८:३२

गाडी कुठल्या रंगाची?

अंबडकर७७ | मंगळवार, सकाळी ८:३४

सिल्व्हर.

मिसळ_पाव_किलो | मंगळवार, सकाळी ८:३५

🙏

काका_सातपूर | मंगळवार, दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

अंबडकर, मिट वाईट नाही. घाईच्या माणसाला, फिक्या रंगाला बरा. फक्त त्यात कण आत दबत नाहीत, पृष्ठभागावरच राहतात, म्हणून दर हाताला बादलीत खळबळून घ्यावा लागतो. पण दर महिन्याला का? तुमच्या गाडीवर महिन्यात एवढं रुततंय का? रुतलेलं नसताना क्ले फिरवली तर ती काढणार काय? वॅक्स काढणार. सिल्व्हरवर ओरखडे लपतात, नसतात असं नाही. रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटजवळ तिरका धरून बघा आणि मग सांगा.

आता कालचं राहिलेलं. अंबडच्या ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेली लोखंडाची कणी. ती वाऱ्याने येऊन क्लिअर कोटवर बसते, अर्धी आत घुसते आणि मग तिथे बसून गंजते. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात, मालक वेळीच जागा होतो. काळ्यावर दिसत नाही, फक्त हाताला लागतं. नाशिकरोड स्टेशनजवळ गाडी लावून रोज मुंबईला जाणाऱ्यांचंही हेच, रुळांची आणि ब्रेकची कणी. आणि आपल्या स्वतःच्या ब्रेक पॅडची पूड तर सगळ्यांनाच.

लोखंड काढायला घासायची गरजच नाही. आयर्न रिमूव्हर नावाचं द्रव्य मिळतं. धुतलेल्या, गार गाडीवर सावलीत फवारायचं. लोखंड असेल तिथून जांभळे ओघळ उतरतात. तीन-चार मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, आणि भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे घाला. काळ्या रंगावर जांभळं नीट दिसत नाही, पण खाली फरशीवर येणारं पाणी बघा.

ग्राइंडरवाल्या तुमच्या गाडीची निम्मी खरखर इथेच जाईल. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर वेगळा. तोही फडक्यावर घेऊन ठिपक्यावर नुसता ठेवायचा, विरघळला की टिपायचा. सिंहस्थाच्या कामांनी अर्धं शहर उकरलंय, दारांच्या खालच्या पट्ट्यावर डांबर नसेल अशी गाडी दाखवा.

एवढं करूनही जिथे खरखर उरेल तेवढ्याच जागी क्ले.

मृण्मयी | मंगळवार, दुपारी ३:२०

नावामुळे या धाग्यावर माझा हक्क आहे. 😄

काका, ते जांभळं होणारं द्रव्य सडक्या अंड्यासारखं भयंकर वासाचं असतं का? नवऱ्याने मागच्या रविवारी पार्किंगमध्ये काहीतरी फवारलं आणि मला थेट पार्लरमधल्या पर्मिंगची आठवण झाली. त्याला तसं म्हटलं तर तो हसला.

काका_सातपूर | मंगळवार, दुपारी ३:४५

ताई, नाक तुमचंच बरोबर. बहुतेक आयर्न रिमूव्हरमध्ये थायोग्लायकोलेट असतं आणि पर्मिंगच्या औषधातही त्याच घराण्यातलं रसायन असतं. केस काढायच्या क्रीममध्येसुद्धा. नवऱ्याला सांगा, तोंडावर रुमाल बांध आणि बंद बेसमेंटमध्ये फवारू नको.

द्राक्षबागवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

पिंपळगाव बसवंतहून रामराम. आमची समस्या निराळी. गाडी बागेच्या कडेला उभी असते, फवारणीचा ब्लोअर चालला की बोर्डो उडतं. मोरचूद आणि चुना, निळसर पांढरे ठिपके. वाळले की सिमेंट. गाडी गडद निळी आहे. भाचा म्हणतो क्ले मार, सगळं निघतं. मारू का?

काका_सातपूर | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

अजिबात नको. वाळलेला चुना म्हणजे कणीच, ती क्लेखाली फरफटली की निळ्यावर पांढऱ्या रेघा. ओलं असताना नुसत्या पाण्याने जातं, तेव्हाच धुवा. वाळलं असेल तर पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं करून फडकं भिजवा, ठिपक्यावर मिनिटभर ठेवा, चुना सुटतो. मग लगेच शाम्पूने धुवा. उन्हात करू नका. लोखंड नाही, त्यामुळे आयर्न रिमूव्हरचाही उपयोग नाही.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग पण याच जातीचे. ताजे असतील तर व्हिनेगरने जातील. जुने झाले की रंगाला खड्डा पाडतात, तो क्लेने भरत नाही. पक्ष्याच्या विष्ठेचंही तसंच. क्ले वर आलेलं काढते, खाली गेलेल्याशी तिचा संबंध नाही.

द्राक्षबागवाला | मंगळवार, रात्री ८:०२

झकास. भाच्याला धागा पाठवला. ब्लोअर चालताना गाडी घरी ठेवणं सगळ्यात स्वस्त, नाही का. 😀

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:००

खरखर उरली की नाही हे नेमकं कसं कळायचं? माझ्या हातांना काही कळत नाही. लेथवर काम करून तळहाताची ढाल झालीय.

काका_सातपूर | बुधवार, सकाळी ९:२५

पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या ओल्या रंगावरून बोटं हलकी फिरवा. पिशवीतून खरखर दुप्पट लागते. कॅरीबॅग बंदी २०१८ पासून आहे हे ठाऊक आहे, ब्रेडची पिशवी घ्या.

मिसळ_पाव_किलो | बुधवार, सकाळी ९:४१

आत्ता ऑफिसच्या पार्किंगमध्ये ब्रेडच्या पिशवीत हात घालून गाडी चाचपली. वॉचमन बघत होता. काहीतरी खोटं सांगावं लागलं.

अंबडकर७७ | बुधवार, रात्री १०:५०

काका, टॉर्च मारून बघितलं.

तुमचं बरोबर आहे. यावर अधिक काही बोलायचं नाही.

गंगापूररोडवाला | गुरुवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. शनिवारी-रविवारी काम काढतो. दोन शंका: ओल कशाची ठेवायची, आणि दाब किती?

काका_सातपूर | गुरुवार, रात्री १०:००

क्विक डिटेलर, म्हणजे रंग निसरडा करणारा तयार स्प्रे, मिळाला तर उत्तम. नाहीतर फवारणीच्या बाटलीत पाणी आणि कार शाम्पूचे काही थेंब. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर नको, काही क्ले त्याने विरघळल्यासारख्या चिकट होतात. फवारा रंगावरही आणि क्लेवरही. फडक्याने पुसण्याइतकं नाही, ओघळेल इतकं ओलं.

दाब? थापलेल्या क्लेवर चार बोटं ठेवायची, बोटांचं वजन हाच दाब. निसटून जाईल असं वाटलं पाहिजे. अडकली, ओढली गेली, 'चर्र' आवाज आला की थांबा आणि आणखी फवारा. आवाज ऐकत काम करा, गाणी लावू नका. सुरुवातीला थोडी चरचर आणि काही हातांनी शांतता, म्हणजे तो तुकडा झाला.

सकाळी थंडी असेल तर क्ले दगड होते. कोमट पाण्यात दोन मिनिटं टाका, मग थालीपीठासारखी थापा. आणि सगळ्यात आधी कोपऱ्यात, डिकीच्या खालच्या बाजूला, वीतभर जागेवर करून बघा. पुसा, टॉर्च मारा. तिथे धूसर खुणा पडल्या तर क्ले कडक जातीची आहे, फाइन ग्रेड आणा.

गाडीवर पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म) किंवा सिरॅमिक कोटिंग आहे का? असेल तर ज्याने केलं त्याला आधी विचारा. क्लेने कोटिंगचा वरचा गुण कमी होऊ शकतो. मॅट रंगाला तर कधीच नाही. आणि हो, एखादं पॅनल बाहेर पुन्हा रंगवलेलं असेल आणि त्यावर क्लिअर नसेल तर क्ले गाडीच्या रंगाची होईल. घाबरू नका, पण थांबा.

गंगापूररोडवाला | रविवार, रात्री १०:२०

वृत्तांत.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला गाडी सोसायटीच्या मागे सावलीत नेली. दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत नुसतं पाणी. वरून खाली. मग आयर्न रिमूव्हर. काळ्या दरवाजावर आधी काही दिसेना, म्हणून मागच्या डाव्या दारासमोर उकिडवा बसलो. मिनिटभराने दाराच्या कडेला जांभळी शाईसारखी रेघ जमली, लोंबली आणि फरशीवर पडली. मग दुसरी. मग सगळीकडून. फरशीवर जांभळं थारोळं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून विचारलं, "अरे, जांभळं सांडली का?" मृण्मयी, वास तुम्ही म्हणता तस्साच. आजींनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

मागचा डावा भाग सगळ्यात खराब निघाला आणि मग लक्षात आलं, पार्किंगमध्ये तीच बाजू शेडकडे असते. सोमवारपासून गाडी कॅन्टीनच्या मागे लावणार. दोनशे पावलं जास्त चालेन.

धुतल्यावर पिशवी फिरवली. उजवीकडचे दोन्ही दरवाजे स्वच्छ! क्लेची गरजच नाही. डावा पुढचा, तोही जवळजवळ. उरलं काय, तर डावा मागचा फेंडर, डिकीचं झाकण आणि खालचे डांबराचे पट्टे. पट्टे टार रिमूव्हरने गेले.

रविवारी सकाळी क्ले. आठ वाजता वडी खरंच दगड झाली होती, कोमट पाण्यात टाकली. चार तुकडे केले. डिकीच्या खाली वीतभर करून टॉर्च मारला, खुणा नाहीत. मग फेंडर. पहिल्या चार-पाच हातांना बारीक चरचर ऐकू आली, हळूहळू कमी होत गेली आणि मग काहीच नाही. उलटून बघितली तर पिवळ्या क्लेवर तपकिरी ठिपके, कुणीतरी तीळ पेरल्यासारखे. मळली, पुढे. डिकीवर अर्ध्यात असताना तुकडा हातातून सुटला. उचलून पँटला पुसायला हात गेला होता, शपथ. टाकून दिला.

एकूण दोन पॅनल, पाऊण तास. रात्री टॉर्चखाली फेंडरवर अगदी पुसट सरळ रेषा दिसतात, त्याही तिरकं धरल्यावर. बोनेटशी तुलनाच नाही. काका, त्या राहू द्याव्यात का?

काका_सातपूर | रविवार, रात्री १०:४५

काळ्यावर एवढं होतंच. बोनेट आणि टपाला मशीन लावाल तेव्हा फेंडर आणि डिकीवरूनही फिनिशिंग पॉलिशचा एक हात फिरवा. बाकीच्या गाडीला मशीन लावू नका. जिथे जिथे रिमूव्हर, क्ले किंवा पॉलिश लागलं तिथलं वॅक्स उतरलं असं धरून चाला, या आठवड्यात सीलंट किंवा वॅक्स लावा. नाहीतर अंबडची पुढची ठिणगी थेट क्लिअर कोटवर.

मशीन स्वतः घेऊ नका एवढ्यासाठी. कुणाकडून करून घ्याल तर काम सुरू व्हायच्या आधी रंगाची जाडी मोजायला सांगा. मीटर नाही म्हणाला तर दुसरा बघा.

अंबडकर७७ | रविवार, रात्री १०:५२

उरलेल्या क्लेने समोरची काच करा. तीच क्ले परत रंगावर आणू नका, काचेसाठी वेगळी ठेवा. वायपरची कटकट थांबते. हे मी तीन वर्षं करतोय आणि यात काही चुकलेलं नाही.

गंगापूररोडवाला | रविवार, रात्री ११:०५

उद्याच करतो. 😀

शंकासुर, तुमचं शाडूचं म्हणणं अगदीच फुकट गेलं नाही. खाली पडलेला तुकडा मुलीने कचऱ्यातून काढला, रंगीत क्ले समजून. त्याचा उंदीर केलाय, गणपतीचा. शेपटीला काडी लावून टीव्हीशेजारी ठेवलाय.

काका_सातपूर | रविवार, रात्री ११:०९

उंदीर छान. पण त्यात फरशीची कच आहे, टीव्हीच्या स्क्रीनवरून फिरवू देऊ नका.